भुईआवळी, सात वुडचक आणि मद्रासचे ५९ टक्के

एम.फार्म.च्या विद्यार्थ्यांचे विषय ठरायची वेळ आली की दर वर्षी निदान एकजण तरी 'हिपॅटोप्रोटेक्टिव्ह', म्हणजे यकृतरक्षक औषध, घेऊन येतोच. वनस्पती तेवढी बदलते. बाकी सगळं ठरलेलं: विस्टार जातीचे प्रयोगशाळेतले रॅट, यकृत दुखावणारं कार्बन टेट्राक्लोराइड, तुलनेला सिलिमरिन हे यकृतावरचं औषध, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एसजीओटी-एसजीपीटी या एन्झाइमचे आकडे आणि शेवटी यकृताच्या स्लाइडचे गुलाबी-जांभळे फोटो. "सर, यात रिझल्ट येतोच," असं एका मुलाने मला अगदी निर्मळ मनाने सांगितलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. रिझल्ट येतो. पण तो नेमका कशाचा रिझल्ट असतो, हे समजावताना मी भुईआवळीचं प्रकरण काढतो. आजवर वर्गात तोंडीच सांगत आलोय. म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

झाड आणि त्याचं नाव

पाऊस लागला की भुईआवळी कुठेही दिसते: बांधावर, कुंडीत, फरशीच्या फटीत. वीतभर उंची, चिंचेच्या पाल्याची आठवण करून देणारी बारीक पानं, आणि फांदी उलटी केली की पानांच्या बगलेत ओळीने लटकलेली, मोहरीहून जराशी मोठी हिरवी फळं. तमिळमध्ये तिला कीळानेल्ली म्हणतात, म्हणजे खालच्या अंगाचा आवळा. संस्कृतात भूम्यामलकी, तामलकी. कावीळ झाली की झाड मुळासकट उपटायचं, धुऊन वाटायचं आणि सकाळी अनशापोटी ताकातून किंवा दुधातून घ्यायचं, हा उपाय तमिळनाडूपासून कोकणापर्यंत माहीत आहे.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या घोळाचं मूळ इथेच आहे. आपल्याकडे पावसाळ्यात घरोघरी येणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई ची असते. ती गढूळ पाण्यातून येते आणि बहुतेकांना काही आठवड्यांत आपसूक सोडून जाते. आठव्या दिवशी झाडपाला सुरू केला आणि तिसऱ्या आठवड्यात डोळे पांढरे झाले, की श्रेय झाडपाल्याला. कावीळ 'उतरवणारे' चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात आणि पाणी पिवळं झालेलं दाखवतात. हाताला आधी काय चोळलं होतं ते कुणी विचारत नाही. जो आजार स्वतःच जाणार असतो, त्यावरच्या प्रत्येक औषधाला यश येतं. म्हणून परंपरेने सांगितलं ते खोटं असं मी म्हणत नाही. परंपरेने 'कावीळ' म्हटलं होतं. त्याचा 'हिपॅटायटिस बी' हा अर्थ आपण नंतर लावला, एवढंच लक्षात ठेवा.

मद्रास ते फिलाडेल्फिया

मद्रास विद्यापीठातले एस. पी. त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये परीक्षानळीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. माका आणि भुईआवळी या दोन्हींचे अर्क हिपॅटायटिस बी च्या सरफेस अँटिजेनला निष्प्रभ करतात, असं त्यात दिसलं होतं. हा अँटिजेन म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन. रक्तात तो सहा महिन्यांहून जास्त टिकला की माणसाला 'वाहक' म्हणतात.

तिकडे फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कॅन्सर सेंटरमध्ये बारूक ब्लमबर्ग होते. हाच अँटिजेन त्यांनी शोधला होता आणि त्या कामाबद्दल १९७६ चं नोबेल मिळवलं होतं. लस आली होती, पण आधीच वाहक झालेल्या कोट्यवधी लोकांसाठी हातात फारसं काही नव्हतं. ब्लमबर्ग, पी. एस. व्यंकटेश्वरन आणि अर्व्हिंग मिलमन यांनी भुईआवळीचा पाण्यातला अर्क घेतला. अर्क विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजला (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमला) रोखतो, सरफेस अँटिजेनला चिकटतो, आणि उंदरांना विषारी नाही, इतकं दिसल्यावर पुढची पायरी प्राण्याची होती.

प्राणी कोणता, हा इथला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता आणि तो त्यांनी फार छान घेतला. पांढऱ्या उंदराला हिपॅटायटिस बी होत नाही. त्याला कार्बन टेट्राक्लोराइड पाजून यकृत जाळता येतं, पण त्यातून विषाणूबद्दल काहीच कळत नाही. सुदैवाने उत्तर फिलाडेल्फियातच होतं. तिथल्या प्राणिसंग्रहालयात वुडचक, म्हणजे मांजराएवढी, बिळात राहणारी आणि हिवाळाभर झोपणारी अमेरिकन खारीची जात, यकृताच्या कर्करोगाने मरत होती. १९७८ मध्ये जेसी समर्स आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी चा जवळचा नातलग विषाणू दाखवून दिला. वुडचक त्याचे वाहक होतात, त्यांचं यकृत सुजतं, पुढे कर्करोगही होतो. माणसातल्या आजाराची इतकी जवळची नक्कल प्राण्यांत क्वचितच सापडते.

आता प्रत्यक्ष प्रयोग. १९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो छापून आला. मी मुलांना त्याचा सारांश फळ्यावर लिहून देतो आणि म्हणतो, प्राणी मोजा.

पहिली फेरी: दीर्घकाळ वाहक असलेले सहा वुडचक. पाचांना अर्क, एक कंट्रोल, म्हणजे औषध न देता तुलनेसाठी ठेवलेला. पाचही जणांत अँटिजेनचं प्रमाण त्या एकापेक्षा लवकर उतरलं.

वाचायला छान वाटतं. पण सहा प्राण्यांत सगळ्यात मंद उतार कुणाचा तरी असणारच. अर्काऐवजी नुसतं पाणी टोचलं असतं, तरी तो मान नेमका त्या एकट्या कंट्रोलला मिळण्याची शक्यता सहात एक आहे. म्हणजे फासा टाकला आणि सहा पडले, इतकंच.

दुसरी फेरी: नुकताच संसर्ग झालेले सात. चौघांना पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने अर्क दिला, तिघे कंट्रोल. औषधाच्या चौघांपैकी तिघांच्या रक्तातून तीन ते सहा आठवड्यांत अँटिजेन आणि पॉलिमरेज दोन्ही गेले. दहा आठवड्यांनी औषध थांबवलं. त्यानंतर ४५ आठवड्यांहून जास्त काळ ते स्वच्छ राहिले. कंट्रोलचे तिन्ही पॉझिटिव्हच, त्यातला एक आठव्या आठवड्यानंतर मेला.

हा या लेखाचा कणा. याला मी हसत नाही. पंचेचाळीस आठवडे ही गंमत नव्हे. तरी हिशोब करूच. सातांपैकी तिघे आपोआप बरे होणारच होते असं धरा. ते तिघेही औषधाच्या चौघांतच पडण्याची शक्यता पस्तिसात चार, म्हणजे ११ टक्क्यांच्या थोडी वर. प्रबंधात आपण पाच टक्क्यांवर रेघ मारतो: योगायोगाची शक्यता त्याहून कमी असली तरच निकाल धरायचा. हा निकाल त्या रेघेच्या खाली उतरत नाही. आणि 'आपोआप बरे होणारच' हे गृहीतक हवेतलं नाही. मोठ्या माणसाला नव्याने हिपॅटायटिस बी झाला तर शंभरातले पंचाण्णवहून जास्त लोक तो स्वतःच झटकून टाकतात, तर जन्मतः लागण झालेल्या बाळांतली नव्वद टक्के बाळं वाहक राहतात. नवा संसर्ग आणि जुना वाहक यांत रोगप्रतिकारशक्तीचा सगळा डाव वेगळा असतो.

तिसरी फेरी मात्र सगळे विसरतात. पाच जुने वाहक, अर्क कातडीखाली, १२ आठवडे. परिणाम शून्य. मग मार्ग बदलून पोटात इंजेक्शन दिलं, तेव्हा पाचांतल्या दोघांत अँटिजेन लक्षणीय उतरला. लेखकांनी हे लपवलेलं नाही, सारांशातच लिहिलंय. मला यात प्रकरणाची किल्ली दिसते. वाहक माणूस म्हणजे तिसऱ्या फेरीतला वुडचक, दुसऱ्या फेरीतला नव्हे. आणि माणसाला आपण भुईआवळी पोटाच्या पोकळीत टोचणार नव्हतो, कॅप्सूलमधून गिळायला देणार होतो.

गिळण्यावरून आणखी एक. भुईआवळीत जेरॅनिन, कोरिलॅजिन यांसारखी टॅनिन भरपूर असतात. टॅनिनचा स्वभावच प्रथिनाला चिकटायचा. कच्चं सीताफळ खाल्लं की जीभ आवळते ती त्यामुळेच. परीक्षानळीत पॉलिमरेज किंवा अँटिजेन समोर आलं की टॅनिन त्यालाही धरणार. त्यामुळे वनस्पतीचा कच्चा अर्क एन्झाइमवर घातला आणि एन्झाइम बंद पडलं, एवढ्यावरून विषाणूविरोधी औषध सापडलं म्हणायला मी कधीच तयार होत नाही. आतडं ओलांडून, रक्तातून, यकृताच्या पेशीच्या आत ते रेणू पोहोचतात का, हा प्रश्न उरतोच.

५९ टक्के

१ ऑक्टोबर १९८८ च्या 'लॅन्सेट'मध्ये मद्रास आणि फिलाडेल्फियाच्या या संयुक्त गटाने माणसांवरची चाचणी छापली. वाहकांना ३० दिवस भुईआवळीची पूड, कंट्रोलला प्लॅसिबो, म्हणजे तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. औषध संपल्यावर १५ ते २० दिवसांनी तपासलं तर औषधाच्या ३७ पैकी २२ जणांचा सरफेस अँटिजेन गेलेला. प्लॅसिबोच्या २३ पैकी एकाचाच. ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के. काहींचा नऊ महिने पाठपुरावा झाला आणि कुणाचाही अँटिजेन परत आला नाही. 'प्राथमिक अभ्यास' हा शब्द त्यांनी स्वतःच वापरला होता.

आकडा किती अफाट आहे हे कळायला एवढं पुरे: जुन्या वाहकाचा अँटिजेन आपोआप जाण्याचं प्रमाण वर्षाला जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतं. आजची विषाणूरोधक औषधं वर्षानुवर्षं घेऊनही अँटिजेन फार थोड्यांचा जातो. इथे तीस दिवसांच्या झाडपाल्याने निम्म्याहून जास्त लोक मोकळे झाले होते.

वुडचकांसारखा याचा निकाल योगायोगावर ढकलता येत नाही. २२ विरुद्ध १ हा फरक नुसत्या नशिबाने पडत नाही. मग वाचणाऱ्याने वेगळे प्रश्न विचारायचे. ३७ आणि २३ ही जोडी इतकी विषम का? सुरुवातीला दोन्हीकडे किती होते, मधेच कोण गळालं? गळालेल्यांचा अँटिजेन काय म्हणत होता? दोन्ही गटांत जुने वाहक आणि नवे रुग्ण सारखे वाटले गेले होते का? मुलं या टप्प्यावर थेट 'खोटं असेल' म्हणतात. मी त्यांना थांबवतो. अप्रामाणिकपणाचा आरोप करायला पुरावा लागतो. चुकीच्या निष्कर्षाला तो लागत नाही, प्रामाणिक माणसंही तिथे रोज पोहोचतात.

पुढचं भराभर सांगता येतं, कारण ते एकसुरी आहे. १९९० मध्ये थायलंडच्या गटाने लॅन्सेटमध्येच लिहिलं, लक्षणं नसलेल्या वाहकांचा अँटिजेन जात नाही. १९९१ मध्ये नेदरलँड्स: दुजोरा मिळाला नाही. १९९४ मध्ये न्यूझीलंड: वाहकांनी प्रतिसाद दिला नाही. बदकांना होणारा याच कुळातला विषाणू १९८० पासून माहीत होता. बदकांवरच्या प्रयोगांतही भुईआवळीने विषाणू हटला नाही. १९९५ मध्ये चीनमधून वेगवेगळ्या जागच्या तीन फायलँथसची (भुईआवळीच्या कुळीतल्या झाडांची) तुलना आली. त्यात एका जातीने विषाणूचं दुसरं एक चिन्ह थोडं खाली आणल्यासारखं दिसलं, पण सरफेस अँटिजेन एकाचाही गेला नाही. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०११ च्या कॉक्रेन आढाव्यालाही प्लॅसिबोच्या तुलनेत पटण्यासारखा फायदा सापडला नाही.

या यादीत मुंबई आहे, आणि ती मला जास्त बोलकी वाटते. १९९४ मध्ये दोशी, अशोक वैद्य, अंतरकर आणि सहकाऱ्यांनी हिपॅटायटिस बी वाहकांवर दोन टप्प्यांत भुईआवळी तपासली आणि अँटिजेन हटवण्यात अपयश आलं, असं शीर्षकातच लिहून टाकलं. ही मंडळी झाडपाल्याला नाकं मुरडणारी नव्हती. वैद्य-अंतरकर यांच्याच गटाने १९९६ मध्ये कुटकी या दुसऱ्या वनस्पतीचं काम छापलं: आधी गॅलॅक्टोसामाइन या रसायनाने यकृत दुखावलेल्या रॅटवर, मग सरफेस अँटिजेन निगेटिव्ह असलेल्या विषाणूजन्य काविळीच्या रुग्णांवर. बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) २.५ पर्यंत उतरायला कुटकीच्या गटात सरासरी २७.४४ दिवस, प्लॅसिबोत ७५.९. रुग्ण थोडे, १५ आणि १८. तेव्हा हाही आकडा मी हातचा राखूनच सांगतो. पण एका वनस्पतीला 'नाही' आणि दुसरीला 'असेल' म्हणण्याची ही सवय आपल्याकडे दुर्मीळ आहे.

मग रॅटमध्ये दिसतं ते काय?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो, कारण भुईआवळी रॅटचं यकृत वाचवते असे निबंध ढिगाने आहेत. १९८५ मध्येच तिच्यातल्या फिलँथिन आणि हायपोफिलँथिन या दोन लिग्नन वर्गातल्या रेणूंनी रॅटच्या यकृतपेशींना कार्बन टेट्राक्लोराइड आणि गॅलॅक्टोसामाइनपासून वाचवल्याचं प्रसिद्ध झालं होतं. त्यात काही खोट आहे असं मला वाटत नाही.

मात्र कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः यकृत जाळत नाही. यकृतातलं सीवायपी-२ई१ हे एन्झाइम त्याचा एक क्लोरीन काढून घेतं, उरलेला ट्रायक्लोरोमिथिल रॅडिकल पेशीच्या स्निग्ध आवरणाला आग लावतो. हे एन्झाइम मध्यशिरेभोवतीच्या पेशींत जास्त, म्हणून स्लाइडवर मध्यशिरेभोवती फिकट, विस्कटलेलं कडं दिसतं आणि कडेच्या पेशी शाबूत असतात. आता आपली ठरलेली पद्धत बघा: सात दिवस रोज नळीने अर्क पाजायचा, शेवटी ऑलिव्ह तेलातून कार्बन टेट्राक्लोराइड टोचायचं, दुसऱ्या दिवशी डोळ्यामागच्या जाळीतून रक्त काढायचं. सात दिवसांत अर्काने ते एन्झाइमच मंदावलं असेल, तर विष विष बनलंच नाही. यकृत वाचलं, पण चोर आत आलाच नाही म्हणून. पहारेकऱ्याने काही केलं म्हणून नाही. एसजीपीटीचा आकडा या दोन गोष्टींत फरक करत नाही. शिवाय विषाच्या आधी सात दिवस औषध घेणारा रुग्ण मला अजून भेटायचाय.

सिलिमरिनचंही तसंच. प्रत्येक प्रबंधात तो 'स्टँडर्ड' म्हणून बसलेला असतो. त्यातलं सिलिबिनिन युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्यांना शिरेतून देतात. तिथे शत्रू विष आहे, आणि त्याला यकृतपेशीत शिरू न देणं हेच काम आहे. पण २०१२ मध्ये हिपॅटायटिस सी च्या रुग्णांना तोंडाने भरपूर सिलिमरिन देऊन पाहिलं, तर एन्झाइम प्लॅसिबोपेक्षा जास्त उतरली नाहीत. रॅटच्या पिंजऱ्यातला आमचा स्टँडर्ड विषाणूसमोर असा गप्प बसला.

'यकृतरक्षक' हा एक शब्द तीन वेगळ्या प्रश्नांना वापरला गेला, असं मी या प्रकरणाचं निदान करतो: विषापासून पेशी वाचते का, विषाणू हटतो का, आणि कावीळ लवकर उतरते का. पहिल्याचं 'हो' घेऊन लोक दुसऱ्याच्या दुकानात शिरले, आणि तिसऱ्याची पुण्याई पाठीशी होती.

पाच की सहा

एक धागा राहिला: झाड नक्की कोणतं होतं? १९८७ च्या लेखात फायलँथस निरुरी, १९८८ मध्ये फायलँथस अमारस. झाड बदललं नव्हतं, नाव दुरुस्त झालं होतं. खरी निरुरी अमेरिका खंडातली. आपल्याकडे त्या नावाखाली अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस आणि कधीकधी युरिनारिया अशा बहिणी एकत्र नांदतात. मद्रासच्या यशाचा आणि इतरांच्या अपयशाचा खुलासा करताना जात, जमीन, तोडणीचा हंगाम यांचं कारण पुढे आलं. ते अशक्य नाही. पण मग १९८८ चा निकाल त्या एका ढिगाऱ्यापुरताच खरा ठरतो.

यंदाच्या विद्यार्थिनीने भुईआवळीच घेतली आहे. बाजारातून सुकं पोतं आणलं आणि मी तिला भिंग दिलं. मूठभर माल कोमट पाण्यात भिजवायचा, फळ उलटं करायचं आणि बुडाशी चिकटून राहिलेली निदलं (फुलाची बाहेरची दलं) मोजायची: पाच असली तर अमारस, सहा असली तर फ्रॅटर्नस किंवा डेबिलिस, देठ जवळजवळ नाही आणि फळ खरबरीत असलं तर युरिनारिया. दोन दुपारी बसून तिने तीन ढीग केले. सगळ्यात मोठा ढीग सहाचा निघाला. "सर, मग टायटल बदलायचं?" तिने विचारलं. म्हटलं, माल बदल. आता पावसाची वाट बघून ती स्वतः ताजी झाडं गोळा करणार आहे, आणि नमुना पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेकडे ओळख पटवायला जाईल.

प्राणी-नैतिकता समितीला पाठवायच्या आराखड्यात तिने दोन गट वाढवलेत. एकात अर्क कार्बन टेट्राक्लोराइडनंतर सहा तासांनी सुरू होणार, दुसऱ्यात कार्बन टेट्राक्लोराइड नाहीच, फक्त अर्क आणि शेवटी सीवायपी-२ई१ ची मोजणी. समितीतल्या पशुवैद्यांनी प्राणी वाढले म्हणून भुवया उंचावल्या. गटात सहाच का, आठ का नाहीत, पाच का नाहीत, हेही विचारलं. ती फळ्याकडे गेली आणि पस्तिसात चारचा हिशोब मांडायला लागली.